रिकामे रकाने

चारशे बारा केसपेपर. दोन वर्षांचे.
डबा खाऊन झाला की मी रेकॉर्ड रूमची खिडकी लावते,
पंखा एकवर ठेवते, कागद उडू नयेत म्हणून,
आणि वाचलेल्यांची, न वाचलेल्यांची धूळ
एकाच फडक्यानं पुसते.

डॉक्टर अमीन म्हणाले, कुंदाबेन,
मोठा मार लागून आलेल्यांतलं कोण दगावतं,
आणि कशानं, ते शोधायचंय.
(बडोद्यात मी बेन. शिर्के फक्त पगारपत्रकावर.)

रकाने त्यांनीच आखून दिले.
वय. मार लागल्यापासून किती वेळ.
सरळ इथं, की दुसरीकडून धाडलेला.
आला तेव्हा रक्तदाब किती, अंगात ऊब किती.
आणि शुद्ध, पंधरापैकी:
डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तर हात हलवतो का.
यातलं काहीच जमलं नाही तरी तीन मार्क.
इतका उदार मास्तर मला शाळेत भेटला नाही.
शेवटी एक चौकोन:
गेला तर एक, घरी गेला तर शून्य.
माझ्या भाषेत दोघंही गेलेच.

रावपुऱ्याच्या हसुमतीबेन, एक्क्याऐंशी.
तीन पायऱ्या. फक्त तीन.
रक्त पातळ करायची गोळी रोज सकाळी, न चुकता.
एक.

कारेलीबागेतला पोरगा, बाइकसकट पुलाखाली,
सात हाडं मोडलेली, पण अर्ध्या तासात टेबलावर.
शून्य.
आईनं नंतर पेढे वाटले असणार,
कागदावर तुपाचा डाग अजून आहे.

मग दोनशे सत्तावीस.
वेचात. आडनाव वेगळ्या शाईत, नंतर: राठवा.
वय अंदाजे तीस. खोडून, अंदाजे चाळीस.
जरोदच्या पुढे टेम्पोतून पडला.
आधी एका दवाखान्यात, तिथं रक्त नव्हतं,
मग दुसऱ्यात, तिथं डॉक्टर नव्हता,
मग इथं.
रक्तदाब: रेघ. ऊब: रेघ. शुद्ध: रेघ.
पोलिसांची यादी मात्र पूर्ण भरलेली:
चांदीचं कडं एक. रोख चारशे तीस.
सुती सदरा एक, कापलेला.
चप्पल एक.
तारीख जानेवारीची, वेळ पहाटे चार.
स्वेटरचा उल्लेख नाही.

म्हणजे ऊब किती ते मला कळलं.
पण संगणक 'गार' हा शब्द घेत नाही.

नियम असा की अपुरी माहिती असलेले वगळायचे.
तसे मी वेगळे काढले. अडतीस निघाले.
वगळण्याआधी, उगाच,
त्यांचा शेवटचा चौकोन मोजला.
एकतीस वेळा एक.

मी पुन्हा मोजलं.
मग पंखाच बंद केला.

रेघ आळसानं मारलेली नव्हती.
एकाचा हात मानेखाली होता,
एकाचा मांडीवर दाबून धरलेला, कोपरापर्यंत लाल,
एक रक्तपेढीच्या जिन्यात धावत होता.
पेन कुणाच्या तरी खिशात होतं
आणि खिशापर्यंत जायला हात उरला नव्हता.
जो जगणार होता, त्याचं सगळं लिहून झालं.

संध्याकाळी मी डॉक्टरांना म्हटलं,
हे अडतीस काढले
तर तुमचं इस्पितळ फार चांगलं दिसेल.
ते गप्प बसले. चष्मा पुसला, परत पुसला.
नवीन मुलगा आहे, अजून लाजतो.
दुसऱ्या दिवशी तक्त्यात एक रकाना वाढला होता:
नोंद घ्यायला वेळ मिळाला नाही. हो किंवा नाही.

दोनशे सत्तावीस: हो.

त्या रात्री दांडिया बाजारात, घरी,
बिलाच्या पाठीवर मी लिहायला घेतलं,
पर्समध्ये ठेवायला.
नाव कुंदा शिर्के. रक्तगट बी, पॉझिटिव्ह.
गोळी: रक्तदाबाची, अर्धी.
मुलाचा नंबर, आणि तो उचलत नाही म्हणून सुनेचा.
वय चोपन्न.
अंदाजे नाही.